चौथा ठिपका

आधीच सांगून टाकते — या सदरातले अनुभव मी वाचते ते हसायला. माझी धाकटी जाऊ रोज सकाळी काहीतरी फॉरवर्ड करते, कुठे पिंपळ, कुठे पांढरी साडी, कुठे अमावस्या... आणि मी तिला उलट हसणारी तोंडं पाठवते. मला हे पटत नाही म्हणजे नाही. एकोणीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली आहेत. माणूस आतून कसा असतो ते रोज बघते, आणि आत्मा म्हणून काही अजून तरी माझ्या हाताला लागलेलं नाही.

तरी लिहायला बसले आहे. यातला एक भाग अमानवीय आहे की नाही, मला माहीत नाही. दुसरा भाग मी केलेली चूक आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

मी भद्रावतीची. वडील फॅक्टरीत होते, कॉलनीत वाढले, सासरही तिथलंच मिळालं. रोज सकाळच्या एसटीनं चंद्रपूर गाठते. तिथे एका खासगी प्लास्टिक सर्जरी क्लिनिकमध्ये मी ओटीची इन-चार्ज सिस्टर आहे. खाली ओपीडी आणि लेझरची खोली, वर ओटी आणि सहा बेड. प्लास्टिक सर्जरी म्हटलं की लोकांना हिरॉइनचं नाक आठवतं. तसलंही येतं आमच्याकडे — केस लावणं, तीळ काढणं, डुलांनी फाटलेले कान शिवणं, आणि लग्न ठरलं की आधीच्या प्रेमाचा टॅटू काढणं. पण निम्मं काम भाजलेल्यांचं, मशीनमध्ये हात गेलेल्यांचं आणि जंगलातल्या लोकांचं. नाव वाघाचं मोठं आहे, पण वाघ बहुतेक वेळा आमच्यासाठी पेशंट शिल्लक ठेवत नाही. आमच्याकडे येतात ते अस्वलाचे. अस्वल दोन पायांवर उभं राहतं आणि थेट तोंडावर पंजा टाकतं.

पारबताबाई त्यातलीच. सिंदेवाहीच्या बाजूच्या एका गावची, पंचावन्न-साठची. नवरा कधीच गेलेला. मुलगा देवराव गावच्या तलावात मासे धरायचा. मोहाच्या दिवसांत ती फटफटायच्या वेळी फुलं वेचायला गेली होती. झाडाच्या अलीकडे ही वाकून वेचत होती, पलीकडे अस्वल तेच खात होतं, आणि दोघांनी एकमेकांना फार उशिरा पाहिलं.

सरकारी दवाखान्यात तिचा जीव वाचवला, ओठ आणि गाल शिवला. नाक उरलंच नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे आली. मी चेहरे बघून दचकत नाही, नोकरीच ती आहे. पण तिच्या बाबतीत एक गोष्ट पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरली. खालचा सगळा चेहरा गेलेला आणि कपाळ मात्र जसंच्या तसं. मधोमध हिरवट गोंदण होतं, चार ठिपके एकाखाली एक. वरचे तीन सरळ रेषेत आणि चौथा डावीकडे सरकलेला.

ड्रेसिंग करताना मी सहज विचारलं, हा असा काऊन वाकडा? तर म्हणाली, लहानपणी गोंदणारीनं सुई टोचली आणि ती हलली. तिच्या आईनं त्यावरून तिला चांगलं बदडलंही होतं. हे सांगताना ती हसली. म्हणजे हसली असावी, तेव्हा त्या चेहऱ्यावर काही कळायचं नाही.

आता ऑपरेशन समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. नाक नव्यानं करायचं तर कपाळाची एक उभी पट्टी सोडवून, भुवईपाशी जोडलेलीच ठेवून, खाली वळवतात. पट्टीच्या टोकाचं नाक होतं. मधला भाग तीन आठवडे पुलासारखा दोन डोळ्यांच्या मधे लोंबत राहतो, कारण नव्या नाकाला रक्त तिथूनच मिळतं. नाक जगलं की दुसऱ्या ऑपरेशनला तो पूल कापायचा आणि फेकायचा. तिचं गोंदण नेमकं त्या पुलावर आलं होतं.

पहिलं ऑपरेशन छान झालं. चौथ्या दिवशी तिनं आरसा मागितला, बराच वेळ पाहिलं आणि शेजारच्या बेडवरच्या बाईला म्हणाली, "माहा तं गनपती झाला वो." अख्खा वॉर्ड हसला. मग आरसा तसाच धरून तिनं मला विचारलं, हे ठिपके वापस कपाळावर जातील ना? मी दुसऱ्या पेशंटचं सलाईन बदलत होते. हो हो जातील, म्हणाले. कशाच्या आधारावर म्हणाले, काय माहीत.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं माझा हात धरून मला बेडवर बसवलं. एरवी पेशंटच्या बेडवर मी बसत नाही. तिनं मला तिच्या मुलीबद्दल सांगितलं. सरू. देवरावच्या आधीची, चार वर्षांची असताना तापानं गेली.

"मांडीवर बसे अन् माह्या कपाळाले बोट लावून मोजे," ती म्हणाली. "एक, दोन, तीन. चवथा तिले सापडेच नाई. तिनाच्या खाली बोट लावून पाहे, तिथी नाई. मंग बाजूले सापडला का खदखद हासे. आता तोंड तं अस्वलानं नेलं बाई. नाक डाक्टरसायबाचं हाय. वर गेल्यावर सरू मले कायनं ओळखन? ठिपके राहू द्या. कपाळावर नसन जमत तं माह्या हातात द्या. मेल्यावर संग टाकतीन."

गोंदण तेवढं मेल्यावर सोबत येतं, बाकी सगळं इथेच राहतं, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका मानतात. माझी आजीही मानायची. मी काही वाद घातला नाही. उद्या सरांना सांगते, म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले होते, एवढं तरी माझ्या पदरात टाका.

दुसऱ्या दिवशी मी विसरले.

याला काही कारण नाही. सकाळी हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह बिघडला, त्याच्या मेकॅनिकशी भांडण, आधीची एक केस लांबली. पारबताबाईच्या डोळ्यांवर हिरवा कपडा, तिला झोपेचं इंजेक्शन दिलेलं. सरांनी पूल कापला, चिमट्यानं माझ्या ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, याचं काही काम नाही आता. मी तो गॉजच्या बोळ्यांबरोबर कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला. रोज टाकते तसा. हात आपोआप चालतो.

दोन वाजता डबा उघडला आणि पहिला घास घेताना आठवलं. तशीच खाली धावले. पिवळ्या पिशव्या न्यायची गाडी येऊन गेली होती. वर येऊन सरांना सांगितलं. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "आधी सांगायचं ना सिस्टर. एवढासा तर तुकडा. परत कपाळावर बसवला असता, पाच मिनिटांचं काम होतं."

त्यानंतर एक लहान केस होती. लग्न ठरलेली मुलगी, मनगटावर कुणाच्या तरी नावाचं निळं अक्षर. लेझरनं काढायला महिने लागतात आणि लग्न होतं पुढच्या महिन्यात, म्हणून कापूनच काढायचं ठरलं. काढलं. तो तुकडा माझ्या समोर ट्रेमध्ये पडलेला असताना आया सांगत आली की पारबताबाई जागी झाली आहे आणि पहिला प्रश्न ठिपक्यांचाच विचारते आहे.

मी काय केलं ते तुम्ही ओळखलं असेल. औषधाच्या छोट्या बाटलीत तो निळा तुकडा टाकला, झाकण घट्ट लावलं आणि नेऊन तिच्या हातात दिली.

तिनं बाटली खिडकीकडे धरून पाहिली. म्हणाली, "चवथा दिसून नाई राह्यला." मी म्हणाले, औषधात कातडी आकसते, रंग तेवढा राहतो. तिनं मान डोलावली आणि बाटली पदराच्या गाठीत बांधली. माझ्या हातावरून हात फिरवला.

तेव्हा मला वाटलं, मी दया करते आहे. आज सांगते, दया-बिया काही नव्हती. मला तिचं रडणं बघायचं नव्हतं, आणि 'सिस्टर विसरली' हे वाक्य वॉर्डात नको होतं. बस.

पारबताबाई घरी गेली. दोनदा दाखवायला आली. नाक इतकं छान बसलं होतं की सरांनी फोटो कॉन्फरन्ससाठी काढून ठेवले. दोन्ही वेळा ती मला बाजूला घेऊन पदराची गाठ दाखवायची. मी पाहिल्यासारखं करायची. दुसऱ्या वेळी देवराव आमच्यासाठी वाळवलेले मासे घेऊन आला होता. ते मी घरी नेले नाहीत, आयाला देऊन टाकले.

भाद्रपद सरत आला होता तेव्हाची गोष्ट. शनिवारी शेवटची केस नाकाचीच होती. नाकावर बसवायला प्लास्टरची पट्टी करतात, तेव्हा स्टीलच्या ट्रेमध्ये पांढऱ्या भुकटीचा थर उरतो. तो ट्रे धुवायचा राहून गेला. शनिवारी आम्ही ओटीत जंतुनाशक धूर सोडतो, एसी-बिसी सगळं बंद करतो, दाराला कुलूप, फटींवर टेप आणि टेपवर माझी सही. किल्ली माझ्या पर्समध्ये भद्रावतीला. रविवारी क्लिनिक बंद. हे इतकं सविस्तर सांगते आहे, कारण नंतर मी स्वतःच स्वतःला हे शंभर वेळा विचारलं आहे.

सोमवारी सकाळी नऊला टेप फाडली. सही माझीच, टेप कुठे उचकटलेली नाही. आत तोच डोळ्यांत जाणारा वास. खिडकी उघडली आणि ट्रेकडे लक्ष गेलं.

भुकटीवर ठिपके होते. बोटानं दाबल्यासारखे. तीन एकाखाली एक आणि एक डावीकडे.

खरं सांगते, पहिल्यांदा राग आला. वाटलं आयानं काहीतरी चाळा केला आणि ट्रे न धुता पळाली. ती आली की दाखवायला म्हणून मी त्याच्यावर दुसरा ट्रे उपडा झाकून ठेवला. साडेनऊला ती आली. तिनं आईची शपथ घेतली, लेकराची घेतली. शनिवारी सर्वांत शेवटी बाहेर पडले ती मीच, हे तिनंच मला आठवण करून दिलं.

दहाच्या सुमारास फोन वाजला. देवराव.

आई गेली म्हणाला. शुक्रवारी, तीन दिवस तापाचं निमित्त झालं. त्यांच्यात पुरतात. बाटली तिच्या उजव्या मुठीत दिली होती, तसं तिनं सांगूनच ठेवलं होतं. मग म्हणाला, काल संध्याकाळी जिथे तिचा जीव गेला तिथे दिवा लावून तांदळाचं पीठ पसरलं आणि वर टोपलं झाकलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे हे करतात. सकाळी टोपलं उचलून बघायचं, पिठावर कसली तरी खूण उमटलेली असते, मुंगीची, पाखराची, कशाची का असेना. खूण असली की माणूस घरी येऊन गेलं असं समजायचं.

"पीठ कोरं हाय," देवराव म्हणाला. "गावात असं कोनाचंच झालं नाई. मामा म्हन्ते, तिच्यासंग काईतरी चुकीचं गेलं. सिस्टरबाई... बाटलीत होतं थे माह्या मायचंच होतं ना?"

"हो," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि ओटीत जाऊन वरचा ट्रे उचलला. तोवर मला लक्षातच आलं नव्हतं की मी तो टोपल्यासारखा झाकला होता.

आता नीट पाहिलं. ठिपके गोंदणाएवढे नव्हते, बोटाच्या टोकाएवढे होते. मी माझी करंगळी जवळ नेली. करंगळीचं टोक त्यात मावत नव्हतं, इतकं ते बोट लहान होतं. आणि सकाळी रागाच्या भरात एक गोष्ट सुटली होती. तिसऱ्या ठिपक्याच्या बरोबर खाली, सरळ रेषेत, भुकटी अगदी हलकी दबली होती. कुणीतरी तिथे बोट टेकवून पाहिलं आणि उचललं, तसं. त्यानंतर डावीकडचा चौथा, सर्वांत खोल.

तिथी नाई. मंग बाजूले सापडला.

मी स्टुलावर बसले. भीती वाटली का? वाटली. पण भीतीपेक्षा शरम जास्त वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

सरांना बोलावलं. ते म्हणाले, एसीचं पाणी ठिबकलं असेल. पाणी पडलं तर प्लास्टर दगडासारखं घट्ट होतं, हे त्यांनीच मला शिकवलं आहे. भुकटी कोरडी होती. मी कॉम्प्युटरवर पारबताबाईचा ऑपरेशनपूर्वीचा फोटो काढला आणि शेजारी ट्रे ठेवला. सरांनी एकदा फोटोकडे, एकदा ट्रेकडे पाहिलं. "धुऊन टाका," म्हणाले आणि खाली गेले.

मी धुतलं नाही. ती भुकटी तसल्याच एका छोट्या बाटलीत भरली. बुधवारी रजा टाकली आणि मूल गावामार्गे सिंदेवाही, तिथून ऑटोनं त्यांचं गाव. देवराव अंगणात जाळं विणत बसला होता. मला बघून उठला, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी म्हणाले, भाऊ, चहा नको, आधी माझं ऐका. आणि सगळं सांगितलं. विसरले ते, पिवळी पिशवी, मनगटाचा तुकडा, फोनवरचं 'हो'. काही लपवलं नाही.

तो ओरडेल, शिव्या देईल, अशी मनाची तयारी करून गेले होते. तो जाळ्याची गाठ धरून तसाच बसला. मग विचारलं, "ज्या पोरीचं थे होतं, थे जिवंत हाय का?"

हो म्हणाले. कबर परत उकरता येईल का, मी विचारलं. नाई, म्हणाला, एकदा माती दिली का दिली. मग मी ट्रेचं सांगितलं. ठिपके किती मोठे होते, ते माझ्या करंगळीवर दाखवलं. तिनाच्या खाली बोट टेकवलेलं होतं, तेही सांगितलं. बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं ती आईसारखीच उजेडाकडे धरली. आणि इतका वेळ कोरडे असलेले त्याचे डोळे भरून आले.

"म्हंजे सरू आली होती," तो म्हणाला. "तिले ठिपके सापडले, तुमच्या दवाखान्यात. माय नाई सापडली."

त्याची बायको दारात उभी होती. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणानं, म्हणजे बसची वेळ विचारावी तसं विचारलं, "माय कुठी गेली असन मंग?"

मी पर्स उचलली आणि निघाले.

परतताना बसमधून, मनगटावरचं नाव काढलेल्या त्या मुलीला फोन लावला. लग्न होऊन ती नागपूरला गेली आहे. टाक्यांची चौकशी करायला केला, असं सांगितलं. ती मजेत आहे, फक्त मनगटाची ती जागा अधूनमधून गार पडते म्हणाली. टाक्यांच्या जागी तसं होतं कधीकधी, मी तिला सांगितलं. होतं का, मला ठाऊक नाही.

तर हे असं आहे. बंद ओटी, माझी सही, कोरडी भुकटी. पाल म्हणा, मुंगळा म्हणा, मला खाणारं माझं मन म्हणा. तुम्ही कमेंटमध्ये जे लिहाल ते सगळं मी आधीच लावून पाहिलं आहे आणि काहीच पूर्ण बसत नाही. मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. फक्त आता ऑपरेशनच्या आधी प्रत्येक म्हाताऱ्या बाईला गोंदणाचं विचारते आणि केसपेपरवर लाल पेनानं लिहिते. आणि शनिवारी ओटी बंद करताना एका ट्रेमध्ये प्लास्टरची भुकटी पसरून ठेवते. सोमवारी टेप फाडताना दर वेळी वाटतं, आज तरी पारबताबाई आली असेल.

ट्रे कोराच असतो.